अनेरच्या दगडांवरचे बाण

नाना कुणालाही ‘राम राम’ करत नसत. आधी ‘पिशवी दखाड’ म्हणत आणि ती उघडून बघत. अनेरच्या अभयारण्याच्या नाक्यावर रोजंदारीनं राखण करणारे हे काटकुळे गृहस्थ पुढाऱ्यांच्या पाहुण्यांनासुद्धा बाटल्या परत गाडीत ठेवायला लावत. ‘हाई नदी शे, तुना बापनी मोरी नही!’

मी शिरपूरचा मास्तर. सातपुड्यातून उतरणारं ते खोरं, अंजनाच्या सावल्या, आतला हिरवा डोह हे सगळं जणू मीच शोधून काढलं, अशा थाटात वर्गात बोलायचो. डोहाची वाट चुकणाऱ्या लोकांची मला फार दया आली. एकदा नाना बाजाराला गेलेले पाहून मी नाक्यापासून डोहापर्यंत दगडांवर लाल ऑइलपेंटचे बाण काढले आणि त्यांचे फोटो गावभर पाठवले. खाली स्वतःचं नावही टाकलं. मूर्खपणा निनावी ठेवायची मला सवय नाही.

पुढच्या रविवारी डोहावर जत्रा. स्पीकर, चिप्सच्या पुड्या, पाण्यात साबण. मी कौतुक गोळा करायला गेलो, तर नानांनी मनगट धरून मला काठच्या गोट्यांवर नेलं. डोक्यावर टिटवी किंचाळत होती. खाली गोट्यांसारखीच दिसणारी तिची चार अंडी, कुणाच्या तरी बुटाखाली फुटलेली. माझ्या बाणांची वाट तिथूनच गेली होती.

‘मास्तर, टिटवी अंडा कोठे घालस ते दखीसन आम्ही पाऊसपानीना अंदाज बांधतस. आनि तिना आंगनमा वाट काढी तू!’

‘नाना, मला माहीत नव्हतं.’

‘माहीत नही तं हात खिसामा ठेव ना! तू तं सिकेल शे!’

त्यांनी माझ्या हातात एक धारदार दगड दिला. ‘घास.’

मे महिन्याच्या उन्हात मी चार दिवस बाण खरवडले. तेव्हाही काहीजण माझे फोटो काढत होते. मला त्यांची डोकी खरवडावीशी वाटली. डोहाजवळचा शेवटचा बाण मात्र नानांनी वाचवला. त्याचं टोक खरवडलं आणि माझाच उरलेला रंग घेऊन उलट्या बाजूला काढलं. ‘हाऊ कामना शे.’ म्हणजे हाच तेवढा कामाचा.

काही वर्षांपूर्वी नाना वारले. त्यांच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. बहुधा टिटवीनं अर्ज करावा अशी अपेक्षा असावी. रविवारी मीच नाक्यावर बसतो, चिडतो, शिव्या खातो. तो एकच बाण दरवर्षी रंगवतो.

परवा खांद्यावर स्पीकर घेतलेल्या एकानं डोहापाशी विचारलं, ‘काका, बाण तर मागं दाखवतोय. तिकडं काय शे?’

‘तुनं घर,’ मी म्हणालो. ‘आनि पिशवी दखाड.’