थाळ्यावरचं नाव

सौदीतल्या दूमत अल जंदलच्या जुन्या किल्ल्यावर झाडलोट करणाऱ्या सात जणांच्या टोळीचा मुकादम म्हणजे इसहाक. गाव श्रीवर्धनजवळचं, वय त्रेपन्न, त्यातली एकोणीस वर्षं इथंच गेलेली. किल्ल्याचा गाइड उसामा पाहुण्यांना रोज तीच गोष्ट सांगे, आणि ऐकून ऐकून इसहाकला ती पाठ झाली होती. फार जुन्या काळी इथली राणी असिरियाच्या बादशहाची मांडलिक होती. तिनं बंड केलं आणि हरली. बादशहानं तिला तर नेलंच, वर इथले देवही उचलून नेले. पुढं इथल्या राजानं बादशहाच्या मुलाच्या हातापाया पडून देव परत मागितले. मिळालेही, पण या नव्या बादशहाचं नाव कोरून.

"येवढी रडारड कशाला? नवे करायचे," इसहाक म्हणायचा.

टोळीतला महाडचा शंकर मान हलवायचा. "असं नसतं, चाचा."

इसहाकजवळ एक थाळा होता. तांब्याचा, जाड कलईचा, पहिल्यांदा परदेशी निघताना आईनं दिलेला. त्याच्या घरी सगळे एकाच थाळ्याभोवती बसत आणि ज्यानं त्यानं आपल्या समोरचंच खायचं, अशी रीत होती. इथंही सातही जण तसेच बसत. शंकर पहिले सहा महिने स्वतःची ताटली घेऊन बाजूला बसला, मग एक दिवस गुपचूप सरकून आत, इसहाकच्या अगदी समोर आला. त्या दिवशी इसहाक मनातून फार सुखावला होता.

मग नवा मॅनेजर आला. खोलीवरचा स्वयंपाक बंद, सगळ्यांनी कंपनीनं पाठवलेलंच खायचं, असा हुकूम निघाला.

"आमचा जेवान आमीच करणार," इसहाकनं छाती काढून सांगितलं आणि कुणीही माघार घ्यायची नाही म्हणून सगळ्यांना थाळ्यावर हात ठेवायला लावला. तीन दिवस किल्ल्यावर झाडू फिरला नाही. चौथ्या दिवशी मॅनेजरनं थाळ्यासकट भांडीकुंडी गोदामात टाकली, इसहाकला एकट्याला आत बोलावलं आणि सात तिकिटं समोर ठेवली. कामाला लागा, नाहीतर संध्याकाळी सगळे घरी. इसहाक बाहेर आला तो चेहरा पाडून. "यल्ला, चला कामाला," एवढंच म्हणाला. तिकिटांचं कुणाला सांगितलंच नाही, उगाच पोरं घाबरतील म्हणून. तिथंच चुकलं त्याचं. मुकादमी तेवढी शाबूत राहिली, आणि पोरांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

पुढचे दोन महिने तो ऑफिसात खेटे घालत राहिला. पुन्हा काम बंद करणार नाही, असं लिहून दिलं तेव्हा कुठं थाळा सुटला. स्वयंपाकाची परवानगी फक्त शुक्रवारपुरती. थाळा हातात आला तर आत, बरोबर मधोमध, यंत्रानं कोरलेलं कंपनीचं नाव आणि खाली नंबर. कलई खरवडून तांबं उघडं पडलं होतं. इसहाकला रडूच फुटायचं बाकी होतं.

त्यानं उसामाला गाठलं. "त्या देवांचं लोकांनी पुढं काय केलं?"

"लिहिलेलं नाही. पुजले असतील. दुसरे कुठून आणणार?"

शुक्रवारी त्यानं सोड्यांचं आंबट कालवण केलं आणि थाळ्यात सात जणांचा पहिल्या वाढीचा भात पसरला. मंडळी आली ती कंपनीचे प्लास्टिकचे ट्रे घेऊन. शंकर खाली बघत म्हणाला, "चाचा, कलई गेलीय. आंबट कळकेल त्यात."

ते खरंच होतं. उघड्या तांब्यात आंबट कळकतंच, आणि इथं कलईवाला कुठला मिळायला? पण शंकर नुसतं कलईचंच बोलत होता का, ते इसहाकला उमगेना, आणि विचारायचा धीरही होईना. पातेल्यात उरलेला भात न् कालवण वाढून घेऊन सगळे आपापल्या खाटेवर जाऊन बसले.

इसहाक एकटाच थाळ्याशी बसला. भातावर कालवण ओतलं आणि रीतीप्रमाणे आपल्या समोरचंच खात राहिला. खाता खाता हात मध्यापर्यंत पोचला आणि भाताखालून ते नाव दिसायला लागलं. तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा पलीकडे हात घातला, शंकरच्या बाजूचा भात ओढला आणि नाव झाकून टाकलं.