उदगीरला परत करायला नेलेली जीप

नांदेड सोडलं तेव्हा जीपमध्ये मी होतो, बायको सुनंदा होती आणि पेट्रोलचा वास होता. गोदावरीच्या पुलावर सुनंदानं दोन्ही बाजूंचे ताडपत्रीचे पडदे वर गुंडाळले आणि मांडीवर ओलं पोतं घेऊन बसली.

"पेटली तर आधी कुणावर टाकू? गाडीवर का तुमच्यावर?" तिनं विचारलं.

मी भांडायला निघालो होतो, आणि भांडणातली वाक्यं मनात जुळवत होतो.

जुन्या गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा. सुरुवात सायकलच्या पंक्चरपासून केली. शिकवलं कुणी नाही, फसवलं मात्र पुष्कळांनी. ही कार्बोरेटरवाली पेट्रोल जीप मी उदगीरच्या मल्लाप्पा आडत्यांकडून घेतली होती. त्यांचे थोरले भाऊ वारले, म्हणून त्यांची गाडी विकायला निघाली. घासाघीस करताना मी मुद्दाम इंजिनात खोट काढली, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "भावानं लेकरावानी सांभाळली हाय. एक थेंब गळत न्हाई." आणि घरी आणून जरा साफसफाई केली, तोच थेंब पडू लागले. कार्बोरेटरच्या खाली बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड असतो, इंजिनाकडं पेट्रोल-हवा वाटून देणारा. तो सदा ओला. बिडाला चीर आहे आणि ती दाबून मला गाडी विकली, असा माझा हिशेब झाला होता.

नायगावला भजी खायला थांबलो. कढईतून निघालेली मिरची भजी जिभेला चटका देत होती, तरी मी ती उभ्या-उभ्या संपवली आणि बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डवर तपकिरी ओघळ आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट. मला कुणी वेड्यात काढलं की माझे कान तापतात. तेव्हा एक्झॉस्ट जास्त तापला होता की माझे कान, सांगता येणार नाही.

खरं म्हणजे एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. इंजिन चालू असताना मॅनिफोल्ड आत ओढतो. तिथं चीर असली तर हवा आत जाते, इंजिन खोकतं. पेट्रोल बाहेर टपकत नाही. गिऱ्हाइकांना मी हे स्वतः समजावून सांगतो. पण रागाच्या भरात आपल्याला सोयीचं नसलेलं शहाणपण माणूस बाजूला ठेवून देतो.

पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर पिवळी फुलली होती. देगलूरच्या स्टँडसमोर चहा घेताना टपरीवाला गाडीखाली वाकून म्हणाला, "काका, तुमची बंडी मुतून राहिली की!" बंडी म्हणजे गाडी, सीमेवरचं गाव, तेलुगू शब्द चहात साखर पडावी तसा सहज पडतो. सुनंदा पदरात तोंड घालून हसली. मी चहा अर्धाच टाकून उठलो.

देगलूर मागं पडलं की रस्ता चढाला लागतो. काळी माती हळूहळू तांबूस होते, वाऱ्याला गारवा येतो. एखाद्या चांगल्या दिवशी हा चढ पाहायला मी थांबलो असतो.

उदगीरला आप्पांचं घर मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) मागच्या गल्लीत. मी जीप थेट त्यांच्या दारात लावली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. आप्पा बाहेर आले. कपाळावर भस्माचे तीन ताजे पट्टे.

"या पाव्हणं. वैनी बी आल्या का? या, पाणी घ्या."

"पाणी नको. चिरलेला मॅनिफोल्ड दाबून विकला तुम्ही. गाडी घ्या परत."

माझा आवाज मोठा आहे. मोंढ्यातले आठ-दहा लोक गल्लीत जमले. आप्पांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "चीर असंल तर गाडी हितंच ठिवा. भावाच्या नावानं बोललो होतो मी. पण दावा तर."

गळती शोधायची साधी रीत आहे. सगळं पुसून कोरडं करायचं, वर पांढरी पूड भुरभुरायची, आणि कुठली रेघ पहिली काळी पडते ते पाहायचं. मी फडक्यानं कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड पुसून काढले. "खडू आहे का कुणाकडं?" असं विचारलं, पण थांबलो नाही. दाराशेजारच्या कोनाड्यात पितळी वाटीत पांढरा तुकडा दिसला. तो उचलला, तळहातावर चुरडला आणि इंजिनावर उधळला.

"अय्यो! विभूती!" दारातून आप्पांची सून ओरडली.

पूजेच्या विभूतीची गट्टी (भस्माचा घट्ट वळलेला तुकडा) होती ती. घरातून बाहेर पडणाऱ्यानं कपाळाला लावावी म्हणून ठेवलेली. थोरल्या भावाच्या हातची शेवटची, असं सून हुंदका गिळत म्हणाली. माझ्या बोटांना भस्म आणि ग्रीस दोन्ही लागलं होतं. ते कुठं पुसावं हे मला कळेना.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "त्याच्याच गाडीवर पडली. बघा आता."

मी पंपाचा हातखटका दाबून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चढवलं. खालचा जोड कोरडा राहिला. काळी रेघ उमटली ती वर, जिथं पेट्रोलची नळी बोल्टनं कार्बोरेटरला जोडलेली असते तिथं. तिथून ती अंगावरून उतरली आणि मग मॅनिफोल्डवर पसरली. चीर नव्हतीच.

बोल्ट खोलला. आतून फुगलेलं, गोगलगायीसारखं लिबलिबीत रबर निघालं. तिथं तांब्याचं वायसर (वॉशर) लागतं. पेट्रोलमध्ये रबर फुगतं. आणि हे रबर मी ओळखलं. साफसफाई करताना तांब्याचं वायसर माझ्या हातून हरवलं होतं, तेव्हा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मीच तो बसवला होता. पंक्चरवाल्याच्या सवयीनं. आणि विसरलो होतो.

"ट्यूब घातली व्हय ह्याच्यात?" एक हमाल हसला. "कुणाची ही कारागिरी?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आप्पाच बोलले, "भावानंच घातली असंल. शेवटी-शेवटी त्याला दिसत नव्हतं. चूक आमची, पाव्हणं. माफी असावी."

तेव्हा बोलायला हवं होतं. सुनंदा माझ्याकडं पाहत होती. ट्यूब कापायला कात्री तिनंच दिली होती. मी बोल्टाकडं पाहत राहिलो. लोक च्यक-च्यक करत पांगले.

आप्पांच्या भावाच्या हत्यारांच्या डब्यात तांब्याचं वायसर सापडलं. मी ते बसवलं आणि गळती थांबली. मग आप्पांनी जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, पुंडीची (अंबाडीची) भाजी. दुसऱ्या घासाला सुनंदा ताटाकडंच बघत म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. आप्पांनी भाकरी मोडता-मोडता हात थांबवला.

"हे मघा बोलायचं होतं," ते म्हणाले. "मला न्हाई. त्या जमलेल्या लोकांना."

निघताना मी मोंढ्यात गाडी थांबवली. मघाचे लोक चहाच्या गाड्यावर होते. मी खाली उतरलो आणि मोठ्यानं सांगितलं, की ते रबर मी घातलं, आप्पांच्या थोरल्या भावानं नाही. गाडी त्यांनी चोख ठेवली होती.

तो हमाल उठला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले. "वळखलं, पाव्हणं. गेलेल्या माणसाचं नाव खराब होऊ नये म्हणून आपल्या अंगावर घेऊन राहिले तुम्ही. लई मोठं मन हाय."

"अहो खरंच मीच..."

"हाव, हाव. कळलं. बसा, चहा घ्या."

मी चिडलो, शपथ घेतली, हात झटकले. जितका जोर लावावा तितक्या त्यांच्या माना आदरानं हलत होत्या. शेवटी त्यांनी हातात दिलेला चहा मी पिऊन टाकला. धंद्यात आजवर किती खोट्या गोष्टी मी लोकांच्या गळी उतरवल्या, आणि ही एक खरी गोष्ट मला चहाच्या गाड्यावर कुणाला पटवता आली नाही. तासाभरापूर्वी हेच शब्द नुसते पुटपुटलो असतो तरी पुरलं असतं.

परतीच्या वाटेवर जीप झकास चालली. ना वास, ना थेंब. गोदावरी ओलांडताना सुनंदा एवढंच म्हणाली, "चहा मात्र त्यांचा प्यायला नको होता."

आजही उदगीरच्या मोंढ्यातून कुणी नांदेडला आलं की माझ्या दुकानाशी थांबतं आणि मोठ्या मनाचा माणूस म्हणून मला नमस्कार करतं. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.