उंबरठ्यावरचा कांदा

उन्हाळ्यात आमच्या घरातून कोणीही कांद्याशिवाय बाहेर पडत नाही. ऊन लागू नये म्हणून उंबरठ्यावर उभा राहून प्रत्येकाच्या खिशात कांदा कोंबणारा गृहस्थ म्हणजे मी. (पाहुण्यांनी मे महिन्यात येणं सोडलंय. ते उन्हामुळेच, असं मी धरून चालतो.)

माझं इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान. मुलगी मुक्ता इंजिनिअर. तिनं दुकानदारांसाठी बिलं छापणारा प्रोग्राम लिहिला आणि सदर भागातल्या एका कापडवाल्या शेटजींनी तो दुपारी दाखवायला बोलावलं. तिचं पहिलंच गिऱ्हाईक! मी सकाळीच अख्ख्या गल्लीला सांगून आलो.

आणि नेमकं शेटजींच्या दुकानाचं लांबलचक नाव बिलावर अर्धंच उमटू लागलं. चूक पकडायला मुक्तानं प्रोग्राम डिबगरमध्ये घातला, शेटजींचं नाव भरलं, चालवला. प्रिंटरमधून बिल आलं : ‘ताटवाटी भांडार आणि कन्या’.

"बाबा, इथं तुमच्या दुकानाचं नाव काहून येऊन राहिलं?"

"पण छान दिसते ना?"

तिनं पुन्हा शेटजींचं नाव भरलं. पुन्हा आम्हीच! डिबगरबाहेर शेटजी अर्धे का होईना, येत होते. आत गेले की गायब. पोरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात बायको पोळ्या टाकून बाहेर आली आणि बिल वाचू लागली.

"अहो, ‘आणि कन्या’ तर आपल्या पाटीवर बी नाही. हे कोणाच्या डोक्यातलं?"

घरात डोकी तीन. दोन माझ्याकडे बघत होती.

"व्हिडिओ पाहून तिच्या लॅपटॉपमधल्या एका फाईलीत या नावाची एक ओळ टाकली," मी म्हणालो. "तिले सरप्राइज म्हणून."

मुक्तानं कपाळावर हात मारला, आणि मग हसायलाच लागली.

"बाबा, प्रोग्राम दुकानाचं नाव खिशातून काढते. त्या खिशातल्या चिठ्ठीले एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल म्हणतात. मी डिबगरमध्ये शेटजींची चिठ्ठी ठेवते. पण डिबगर प्रोग्रामले शेल नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या दारातून बाहेर पाठवते, अन् शेल आधी आपली स्टार्टअप फाईल वाचते, तुम्ही ओळ टाकली तीच."

"मग?"

"मग उंबरठ्यावर तुम्ही उभे. माझी चिठ्ठी बाहेर, तुमचा कांदा आत."

तिनं माझी ओळ पुसली. शेटजी डिबगरमध्ये टिकले आणि खरी चूकही सापडली : नावासाठी जागाच कमी ठेवली होती. ती वाढवून, घाईघाईनं जेवून मुक्ता निघाली.

"बाबा, आता उंबरठ्यावर काही करायचं नाही."

"छे, छे."

संध्याकाळी फोन आला. "बाबा, शेटजींनी प्रोग्राम घेतला!" मी फोन धरूनच गल्लीला ओरडून सांगितलं. "पण लॅपटॉप काढताना पिशवीतून कांदा घरंगळत त्यांच्या टेबलावर गेला."

"कागदात गुंडाळला होता."

"हो. शेटजींनी तो कागद वाचला. म्हणे, यातली कन्या तूच का? मी म्हटलं, हो जी. प्रोग्राम दुरुस्त केला, बाप राहिला."

ते सकाळचं चुकलेलं बिल होतं. फेकणार कसं? मला तर त्यात काही चूक दिसली नव्हती.