आमच्या शिकारी भावजींचा मधुचंद्र

आमचे धाकटे दीर घरात पाल दिसली की पलंगावर चढतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. एकदा पाल पलंगामागच्या भिंतीवरच होती. भावजी वर चढून उलट तिच्या तोंडाशी गेले आणि अशी किंकाळी फोडली, की समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर पेशंट सोडून खिडकीत आला.

तर या वीरपुरुषानं लग्न ठरलं त्याच आठवड्यात जाहीर केलं, की मधुचंद्राला आम्ही दक्षिण आफ्रिकेत जाणार. आधी जंगलात सिंह, मग मोझांबिकच्या किनाऱ्यावर समुद्र. सगळं ऐटीतलं. राहायचं तंबूत, पण तंबूत संगमरवरी न्हाणीघर.

"मग खोलीतच राहा की," सासूबाई म्हणाल्या. "तंबू कशाला?"

"आई, तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत बाबा. वादळात छप्पर उडालं तेव्हा आम्ही ताडपत्रीखाली राहिलो, तेव्हा कुणी कौतुक केलं नाही."

आमचं गाद्यांचं दुकान आहे. दोघे भाऊ ते चालवतात. म्हणजे आमचे हे चालवतात आणि भावजी त्यात लोळतात. दाखवायला ठेवलेली एक जाड स्प्रिंगची गादी आहे, प्लास्टिक न काढलेली. तिच्यावर आडवं पडून ते दिवसभर फोनवर सिंह बघायचे. गिऱ्हाइकानं काथ्याची गादी मागितली की हे सांगायचे, "हत्ती बहुतेक उभ्या उभ्याच झोपतो, माहितीये?" गिऱ्हाईक बिचारं पाठदुखीवर काही मिळतंय का बघायला आलेलं. गाद्या उचलणाऱ्या माणसांनी त्यांचं नाव 'शिकारी' पाडलं. भावजींना तो मान वाटला. हाक मारली की छाती काढून वळायचे.

त्यांना मिळालेली मुलगी मात्र लाखात एक. सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायची. आखूड केस, रुंद खांदे, आणि आवाज तलावाच्या त्या टोकाला पोचेल असा. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही काय करता?" मी म्हटलं, पडदे शिवते, गाद्यांची कव्हरं शिवते. तर ती पुढे विचारत बसली, की एवढी मोठी कापडं एकटीनं मशीनवर कशी सरकवता. या घरात मला असं कुणी काही विचारलं नव्हतं. उत्तर देताना मीच अडखळले.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आमच्या भावजींनी तर सगळ्या अंगाला बांधलं होतं. एक दिवस खाकी कापडाचा तागा घेऊन माझ्यापुढे आले.

"वहिनी, तिच्यासाठी चार जोड शिवा. जंगलात गडद निळं, काळं घालायचं नसतं. माशा धावून येतात."

"मापं?"

"अंदाजानं घ्या. तिला सरप्राइज आहे."

"भावजी, मी खिडकीचा पडदासुद्धा अंदाजानं शिवत नाही."

पण ऐकतोय कोण! जंगलात खाकी, किनाऱ्यावर पांढरं, संध्याकाळी फिकट गुलाबी. कुठल्या वेळी तिनं काय घालायचं, कुठे उभं राहायचं, कुठल्या बाजूला बघायचं, सगळं ठरलेलं. तिला काय बघायचंय हे विचारायचं तेवढं राहून गेलं. एवढी मोठी सहल, एखादी गोष्ट निसटतेच.

आणि मग एका रविवारी त्यांनी गच्चीवर रंगीत तालीम घेतली. मी वाळलेली कव्हरं काढत होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. दोन खुर्च्यांमागे दोन खुर्च्या, ही उघडी जीप. मुलीला मागच्या खुर्चीत बसवलं, डोक्यावर मोठी टोपी, हातात दुर्बीण. स्वतः समोर फोन धरून उभे.

"हं, सिंह डावीकडे! वळ. नाही, एवढ्या जोरात नको. हळूच. आणि जरा आश्चर्य दाखव."

"सिंह दिसला की दाखवीन ना."

"तेव्हा जमलं नाही तर? तू चेहरा असा ठेवतेस, जसं काही शेजारी भेटलाय."

तिनं दोनदा आश्चर्य दाखवलं. तिसऱ्यांदा तिला हसू आलं, तर हे रागावले. बाजारात तुरी, आणि घरात आतापासून मारामारी! मग किनाऱ्याची पाळी आली. गच्चीवर चादर अंथरली, तिच्यावर तिनं तिरकं बसायचं, टोपीला एक हात लावून.

"आणि मी पोहायचं कधी?" तिनं विचारलं.

"पोहायचं?" भावजींनी फोन खाली केला. "केस ओले झाले की फोटोची वाट लागते. आणि पोहायचं काय एवढं, रोजच पोहतेस की."

ती चादरीवरून उठली. टोपी काढली, खुर्चीवर ठेवली आणि मला कव्हरांच्या घड्या घालू लागली. चादरीची टोकं दोघींनी धरली तेव्हा हळूच म्हणाली, "वहिनी, मी उघड्या समुद्रात कधीच उतरले नाहीये. आयुष्य त्या निळ्या फरशीत गेलं."

दोन दिवसांनी ती एकटीच घरी आली. भावजी दुकानात होते. तिनं आधी त्यांना फोनवर सांगितलं होतं, पण त्यांना वाटलं रुसलीय. म्हणून मग सासूबाईंसमोर बसून सरळ म्हणाली, "मी हे लग्न करणार नाही."

सासूबाई गडबडल्या. "अगं, सिंहाला घाबरलीस का?"

"नाही हो. सिंह येऊन-जाऊन दोनदा दिसेल. हे रोज दिसणार."

मला हसू आवरेना, मी स्वयंपाकघरात पळाले. सासूबाई रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझाच मुलगा आहे, मी काय बोलू!" आणि तिला दारापर्यंत सोडायला गेल्या.

भावजींनी दोन दिवस तोंड पाडलं. दुःख कशाचं म्हणाल, तर तंबूचं बुकिंग परत होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "दादा, तू चल."

आमचे हे वाटीतलं खाता खाता थांबले आणि लगेच हो म्हणाले. मी समोर वाढत होते. मी म्हटलं, "अहो, आणि मी?"

"तुला प्रवास सोसत नाही."

एकदा बसमध्ये मला उलटी झाली होती, आमची मुलगी पोटात असताना. मुलगी आता कॉलेजात आहे. एकाच साच्यातली दोन मडकी, दुसरं काय!

तर गाद्यांच्या दुकानाचे दोन मालक हातात हात न घालता मधुचंद्राला गेले. पुढचं मला आमच्या ह्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. जंगलात नेणारं विमान रिक्षाएवढं. त्यात फक्त मऊ पिशव्या चालतात. एवढा अभ्यास केलेल्या माणसानं नेली टणक ट्रॉलीबॅग. ती विमानतळावरच राहिली, आत किनाऱ्याचे पांढरे कपडे. तंबूत पोचले तर पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावलेले. आमच्या ह्यांनी पाकळ्या झटकल्या आणि सवयीनं आधी गादी दाबून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूच्या ओट्यावर माकड आलं. एकच, तेही लहान. भावजी संगमरवरी न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावली. जीप निघायची वेळ झाली, वाटाड्यानं हाका मारल्या, पण भावजी बाहेर येईनात. शेवटी आमचे हे एकटेच गेले, आणि नेमका त्याच दिवशी सिंह दिसला. नर, मादी, तीन छावे. आमच्या ह्यांनी फोटोसुद्धा काढला नाही, नुसते बघत बसले.

आता दुकानात भावजी गिऱ्हाइकांना सिंहाची गोष्ट सांगतात. सिंह कसा जीपला घासून गेला, त्याच्या श्वासाची ऊब कशी लागली. ज्यांनी पाहिला ते बाजूला बसून बिलं फाडतात, एक शब्द बोलत नाहीत. मी विचारलं, "अहो, तोंडात मूग का?"

"जाऊ दे गं. तिकडे रडला तो एकदा."

"कशाला? आणखी माकड आलं?"

"किनाऱ्यावर. जेवायला बसलो तर वेटरनं तिसरी खुर्ची मांडून विचारलं, मॅडम येईपर्यंत थांबायचं का?"

रडले असतील. पण त्या रडण्यातही ती किती होती आणि रिकामी खुर्ची वाईट दिसते हे किती, कोण जाणे. मला त्यांच्यावर एवढा विश्वास नाही.

परवा भावजी दुकानात निघताना दारात रेंगाळले. चप्पल दोनदा घातली, दोनदा काढली. "वहिनी, तिचा कधी फोन येतो का?"

"येतो."

"काय म्हणते?"

"सुट्टीत मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली होती. पहिल्या दिवशी लाटेनं पालथं पाडलं, नाकातोंडात पाणी गेलं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली."

भावजींनी चप्पल पुन्हा काढली. मला वाटलं, आता माणसासारखं काहीतरी बोलतील.

"फोटो पाठवलेत का?" ते म्हणाले.