बळीरामची दारू कोणी सोडवली?

महाल भागातल्या एका बँडपार्टीत बळीराम क्लॅरिनेट वाजवायचा. वाजवायचा झकास, पण मोहाची दारू पोटात गेल्याशिवाय त्याची बोटंच हलत नसत. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तर तो आपला बँड वाजत असलेली वरात सोडून भलत्याच वरातीत शिरला आणि त्यांच्या मांडवात यथास्थित जेवून आला. बँडमास्तरने चौकात उभं करून त्याला झाडलं.

मग घरात दोन पक्ष पडले. बायको गोपिका म्हणाली, मारुतीसमोर शपथ घ्यायची आणि दर गुरुवारी भजनाला बसायचं. थोरला भाऊ भैयाजी छापखान्यात खिळे जुळवायचा. देवाचं नाव निघालं की त्याच्या कपाळाला आठी पडे.

"आजार हाय हा, गोपिका. टायफाइड झाला तं भजन करते काय कोणी?"

रामदासपेठेत दारू सोडलेल्यांची सभा भरे, तिकडे न्यायचं असं त्याचं म्हणणं. सभाही नेमकी गुरुवारीच. बळीरामची कोणालाच दुखवायची छाती नव्हती. तो आधी सभेत बसायचा, मग सायकल हाणत भजन गाठायचा.

सभेत उभं राहून नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं आणि मग आपली कहाणी बोलायची. सुरुवातीला बळीरामला घाम फुटला, पुढे गोडी लागली. एकदा बोलणं संपवताना त्याने भजनातल्या सवयीने "बोला पुंडलिक वरदा" ठोकलं आणि अर्धी सभा "हाऽरि विठ्ठल" म्हणून मोकळी झाली. सोबत आलेला भैयाजी छताकडे पाहत राहिला.

उलटंही झालं. भजनात नवे बुवा आले होते. त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी बळीराम. मी दारुडा आहे."

टाळ थांबले. गोपिकेने पदर तोंडावर ओढला. तेवढ्यात मृदंगावरचे बाबाराव, साऱ्या मोहल्ल्यातला सज्जन माणूस, हळूच म्हणाले, "मी बी हावो, बुवा."

बायकांतून त्यांच्या रुखमाबाईंचा आवाज आला, "मले तं ठाऊकच होतं!"

पुढच्या गुरुवारपासून बाबाराव बळीरामच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून सभेला जाऊ लागले.

पण लग्नसराई आली. बर्डीवरच्या एका वरातीत कोणीतरी ग्लास पुढे केला आणि बळीरामला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून खाटेखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

"काय केलं तुमच्या सभेनं?" गोपिकेने भैयाजीला विचारलं.

"अन् तुहा मारुती काय करून राहिला होता?"

भांडण रंगात आलं असताना बाबाराव दारात उभे राहिले. "तुमचं चालू द्या. ऊठ गा बळीराम, चाल."

"कुठं?" दोघांनी एकदमच विचारलं.

"आधी सभेत. मंग भजनात. अन् वरात असली तं मी त्याच्या बाजूनं चालतो. मले बी घरी बसून तेच आठवते."

बळीराम उठला. डोळे पुसत त्याने खाटेखालून वाद्य काढलं.

त्यानंतर प्रत्येक वरातीत क्लॅरिनेटच्या शेजारी काळ्या टोपीतले बाबाराव दिसायचे. मांडवात लोक त्यांना नवरीचे मामा समजून शेला-नारळ द्यायचे, आणि ते नको म्हणत नसत.

दोघांनीही पुन्हा दारूला हात लावला नाही. भैयाजी छापखान्यात सांगे, विज्ञानाने सोडवली. गोपिकेने मारुतीला नारळ फोडला. त्यातलं खोबरं भैयाजीने दोनदा मागून घेतलं, प्रसाद म्हणून नव्हे, पौष्टिक असतं म्हणून.