लॉकचे तोंड पुढे

आवेदक: मी स्वतः, व्यवसाय अर्जनवीस, बसण्याची जागा सौंसर तहसिलीसमोरचा कडुलिंब आणि गरजेप्रमाणे पांढुर्णा. अनावेदक: माझा सख्खा धाकटा भाऊ, संत्र्याचा बागाईतदार, राहणार रामाकोना. घटनेचा दिवस: पोळ्याच्या आधीचा रविवार. साक्षीदार: पहिली आमची माय, दुसरा बसस्टँडमागचा मोटारसायकलचा मिस्त्री. नावे मुद्दाम लिहीत नाही. परक्यांची नावे कागदावर चढवण्यात माझी अर्धी हयात गेली. घरची नावे तिथे नेण्याची माझी इच्छा नाही.

वडिलांच्या पश्चात सौंसरचे घर माझ्याकडे आले आणि रामाकोन्याची बाग भावाकडे गेली. मोटारसायकल कापून वाटता येण्यासारखी नव्हती, म्हणून ती सामाईक राहिली: एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी. माय राहायची माझ्याकडे, पण गाडी निघाली की तीही कधीमधी भावाच्या मागे बसून बागेत जाऊन यायची.

बागेतल्या चढावर पेट्या लादून न्यायच्या म्हणून भावाने गाडीचे पुढचे स्पॉकेट, म्हणजे चेन ओढणारे दात्यांचे छोटे चाक, बदलून त्याहून लहान बसवले. दाते कमी झाले की गाडी जोर धरते आणि वेग सोडते. पांढुर्ण्याच्या सरळ सडकेवर तेच इंजिन असे बोंबलायचे की तहसिलीच्या फाटकात बसलेले पक्षकार मी पोचण्याआधीच उठून उभे राहायचे. माझ्या प्रतिष्ठेला ते शोभणारे नव्हते. मी माझे मोठे स्पॉकेट आणले. तेव्हापासून गाडी हातबदल झाली की ओसरीत बसून एकाचे काढायचे आणि दुसऱ्याचे लावायचे, चेन उघडायची, मागचे चाक सरकवून तिचा ताण पाहायचा, असा रिवाज पडला. दर खेपेला भांडत भांडत का होईना, आम्ही दोघे तासभर गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. हे सुख होते, असे तेव्हा मला कुणी सांगितले असते तर मी त्याला खोटी साक्ष म्हटले असते.

मिस्त्री गंमत करायचा. "बाबूजी, या चेनले दोन सासरं हायेत. एकीकडं ओझं वाहाते, दुसरीकडं पळते. कोठंच नांदून नाही राहिली बिचारी."

चेन खरोखरच झिजली होती. मागच्या चाकावर ती बोटाने ओढली की दात्यावरून उचलली जायची, आणि दाते आकड्यासारखे एका बाजूला वाकले होते. चेन आणि पुढचे-मागचे दोन्ही स्पॉकेट एकदमच बदला, जुन्यावर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाईल, असे मिस्त्रीने बजावले होते. परंतु झीज त्याच्या ओझ्याने झाली की माझ्या वेगाने, हा वाद निकाली निघेना.

चेनची दोन टोके ज्या कडीने जुळतात, तिच्यावर माशाच्या आकाराची एक पातळ पत्ती बसते. तिला लॉक म्हणतात. तिचे एक तोंड बंद आणि दुसरे उघडे असते. बंद तोंड चालीच्या दिशेला हवे. नाहीतर एखादा धक्का उघड्या तोंडाला लागून पत्ती उडते. हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता.

त्या रविवारी माय पिशवी भरून खाटेवर बसली होती. भाऊ जमिनीवर बसून चेनच्या खालच्या बाजूला लॉक बसवत होता. मी वर उभा होतो.

"लहान्या, बंद तोंड पुढं ठेव बरं."

"पुढंच ठेवून राहिलो ना दादा. मले का पयल्यांदा सांगून राहिला?"

"एकदा पाहून घे."

"पायलं. तुया अर्जावानी दोनदोनदा वाचाव लागते का?"

माय म्हणाली, "झालं का रे? तिकडं सून भाजी चुलीवर ठेवून बसली असन, अन् तुमी दोघं साखळीची वेणी घालून राहिले."

भाऊ मायला मागे बसवून निघाला आणि गाव सुटताच लॉक उडाले. चेन पुढे गोळा होऊन चाक अडकले, आणि माय सडकेच्या कडेला कपाशीत फेकली गेली. तिचे मनगट मोडले. एका बैलगाडीत घालून भाऊ तिला सौंसरला दवाखान्यात घेऊन आला.

"उलटं लावलं तू," मी म्हणालो.

"तू पुढं म्हन्लं, मी पुढं लावलं."

"मंग माय काऊन पडली?"

तो मायचा हात बांधून होईपर्यंत थांबला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि रामाकोन्याच्या बसमध्ये चढला. त्यानंतर त्याने या ओसरीला पाय लावलेला नाही.

मायचा हात जुळला, पण किंचित वाकडा. ती मला काही विचारत नाही. पण सडकेवर कोणतीही गाडी हळू झाली की पोळी लाटता लाटता तिचा हात थांबतो. गाडी पुढे निघून गेली की ती म्हणते, "तो नोय." आमची गाडी तर मिस्त्रीने ढकलत आणून दिल्यापासून ओसरीतच उभी आहे, तो दुसऱ्या कोणाच्या गाडीवर येणार? हे जाणूनही मी अर्धे वाक्य टाकून दारापर्यंत जातो. तहसिलीसमोर बसलो तरी कान सडकेवर असतो. रामाकोन्याच्या बसमध्ये मी दोनदा बसलो आणि दोनदा उतरलो. थोरल्याने आधी जावे की धाकट्याने आधी यावे, याचा नियम मला कोणत्याही कायद्यात सापडला नाही.

एका दुपारी बसवेना म्हणून मी जुनी चेन गाडीवर चढवली, लॉकच्या जागी सुतळी बांधली, एका कडीला माझ्या दौतीतली लाल शाई लावली आणि मागचे चाक हाताने चालीच्या दिशेने फिरवू लागलो. वरच्या बाजूला लाल कडी पुढच्या चाकाकडे निघाली. वळून खाली आली आणि मागच्या चाकाकडे निघाली. मी पुन्हा फिरवले, पुन्हा तेच झाले. म्हणजे वर उभ्या असलेल्या माणसाचे पुढे आणि खाली बसलेल्या माणसाचे पुढे एकमेकांच्या उलट होते. मी नियम सांगितला, त्याने शब्द पाळून खालच्या बाजूलाही तोंड गाडीच्या पुढे केले, आणि लॉक उलटे बसले. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एका शब्दाने असे फसवावे, याची दाद कुठे मागावी?

मी मायला बोलावून लाल कडी दाखवली. ती म्हणाली, "मले काय दाखवून राहिला? त्याले दाखव."

सबब नम्र विनंती की, अनावेदकावर ठेवलेला उलट्या लॉकचा आरोप मी मागे घेत आहे, त्याची नोंद व्हावी. नवी चेन तेलात भिजवून ठेवली आहे. मागचे नवे स्पॉकेट आणले आहे. पुढचे अनावेदकाने आपल्या पसंतीचे, लहान तर लहान, सोबत आणावे. मी पांढुर्ण्याला हळू जाईन. लॉक त्यानेच बसवावे, मी शेजारी जमिनीवर बसेन, आणि तोंड कोणीकडे ते दोघांनी बोटाने दाखवावे. उत्तर लेखी नसले तरी चालेल. पहिली साक्षीदार दारातच बसून आहे.