पेनाचं टोपण

टेबलाचा खण उघडला की तो पांढरा, कुठल्याही देशात चालणारा अडॅप्टर दिसतो आणि अजून डोकं फिरतं. लंडनला मुलाकडे गेलो होतो. माझा दोन पिनांचा चार्जर तिथे बसेना, म्हणून सॉकेटच्या वरच्या भोकात पेनाचं टोपण दाबून घुसवला. ही युक्ती त्यानेच शाळेत असताना भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या घरात मला शिकवलेली. पण तिथे, कॉफी पीत बसलेल्या पाहुण्यांसमोर, माझ्यावर खेकसला, "बाबा, हे भाईंदर नाहीये!" आणि हा अडॅप्टर माझ्यापुढे आपटला. पाहुणे हसले, तोही हसला. आज तो सुट्टीवर आलाय, तिकडचा चार्जर हातात घेऊन घरभर फिरतोय. "बाबा, अडॅप्टर आहे का?" मी खण बंद केला आणि खिशातलं पेन त्याच्यापुढे आपटलं. "हे भाईंदर आहे."